नाल काढायची घाई करू नकोस

अगं, शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा घेतलास, बोरिवलीत राहून त्याला कर्जतकडच्या तबेल्यात ठेवलंस, याचं मला कौतुकच आहे. पण पहिल्याच आठवड्यात "ताई, चारही पायांची नाल काढते, अनवाणीच बरा" म्हणालीस, तिथे जरा थांब.

लोखंड ठोकताना बघवत नाही, मला कळतं. पण खिळा जातो ती खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखीच असते, तिला संवेदना नसते. खिळा आतल्या जिवंत भागात शिरला तरच दुखतं, म्हणून नालबंदाचा हात चांगला हवा. तुझंही खरंच आहे म्हणा. अनवाणी खूर टेकताना टाचेकडे किंचित पसरतो, तळाचा रबरासारखा त्रिकोणी भाग जमिनीला लागतो आणि धक्का जिरतो. लोखंड हे पसरणं बरंचसं अडवतं.

"मराठ्यांच्या घोड्यांचे कुठे एवढे लाड होते?" असंही विचारलंस. खर्च होता गं! पेशवाईत मोहिमेआधी शिलेदारांना आगाऊ रक्कम मिळायची, तिला नालबंदीच म्हणत. शिवाय भीमथडीची तट्टं दख्खनच्या खडकाळ माळावर वाढलेली, काटक. तुझा थरोब्रेड मऊ बिछान्यावर वाढला, कोवळ्या वयातच त्याला नाल लागली. या जातीच्या खुराची भिंत आणि तळवा बरेचदा पातळ असतात. त्याला एकदम अनवाणी करून खडीवर नेलंस तर तो आखडत पावलं टाकेल. "सवय होईल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस, त्याला तेव्हा दुखत असतं.

खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. वरून नवी भिंत जमिनीपर्यंत यायला जवळजवळ वर्ष जातं. तेवढा धीर आहे ना तुझ्याकडे? असेल तर आधी घोड्यांच्या डॉक्टरांकडून तळव्याची जाडी एक्स-रेमध्ये बघून घे आणि मग फक्त मागच्या पायांची नाल काढ. साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यांना सध्या राहू दे. पुढे त्यांचीही काढलीस तर खडीवर जाताना रबरी बूट घाल.

तो कशावर चालणार, हे सगळ्यात आधी बघ. रिंगणातल्या मातीवर अनवाणी घोडा मजेत राहतो. अंधेरीत वरातीला जाणाऱ्या घोडीला मात्र मी अनवाणी राहा म्हणणार नाही. डांबर-काँक्रीटवर खूर वाढतो त्याहून लवकर झिजतो. पण गुळगुळीत जमिनीवर लोखंड घसरतंही. माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक आले, तेव्हा घोडे घसरतात म्हणून तिथल्या अश्वपालांनीच विरोध केला होता. रोज त्याच वाटेवर घोडा चालवणाऱ्याचं म्हणणं मी तरी कुठल्याही पुस्तकाआधी ऐकेन.

आणि आपला पाऊस! जूनपासून चिखल आणि लीद यांत उभा राहिलेला खूर तळातून सडतो, काळपट होतो, घाण वास मारतो. नाल असो नसो, खूर रोज कोरून साफ करायचे आणि उभं राहायला कोरडी जागा द्यायची. यात मी तुला सूट देणार नाही. माझ्या मते पावसाळ्यात नाल काढूच नये. ओल्याने खूर मऊ पडलेला असतो, तेव्हा खडी जास्त बोचते. दिवाळीनंतर बघू.

अनवाणी केला म्हणजे नालबंदाचे पैसे वाचले, हा हिशेबही मनातून काढ. सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून कानशीने सारखा करावाच लागतो, नाहीतर टोक वाढतं, भिंत फाटते, सांध्यांवर ताण येतो.

नालबंदाची पुढची फेरी कधी आहे ते विचारून ठेव. मी मुलुंडहून येते, आपण दोघी समोर उभ्या राहू. तोवर चारही खुरांचे फोटो पाठव, बाजूने आणि तळातून. आधी धुऊन घे, चिखलात काही दिसत नाही.