दिव्यांग बालकाचे संगोपन : पालकांच्या शरीरावरील भार

इजा होण्याचा संभव असेल इतके वजन कामगाराला उचलावयास लावू नये, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाने केली होती. घराच्या उंबरठ्याआत असा नियम पोहोचत नाही.

तान्ह्या मुलाला कडेवर घेणे ही मातेची नित्याची बाब होय. मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, झालेले मूल चालू शकले नाही तर हे काम वर्षानुवर्षे थांबत नाही. मुलाचे वजन वाढते आणि मातेचे वयही. मुलाचे वजन २० किलो धरले आणि शौच, स्नान, जेवण, निजणे यांसाठी त्यास दिवसातून १२ वेळा उचलावे लागते असे मानले, तर हा भार २४० किलो होतो. ५० किलोच्या जवळजवळ पाच पोत्यांइतका! अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असता, उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो मानली आहे. पण ती मर्यादा खोक्यासाठी आहे. खोके अंग ताठ करीत नाही, की एकाएकी मागे झोकही देत नाही.

वजनापेक्षा उचलण्याची रीत अधिक घातक ठरते. जमिनीवरील अंथरुणातून कमरेत वाकून, हात लांब करून मूल उचलले की सारा ताण पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. त्यातच अंगाला पीळ दिल्यास इजेचा संभव वाढतो. म्हणून प्रथम मुलास कुशीवर वळवावे, त्याचे गुडघे व मांड्या पोटाकडे दुमडाव्यात. त्याने पुष्कळदा ताठरपणा सैल होतो. मग स्वतः गुडघ्यांत वाकून मूल छातीशी धरून उठावे. मूल मोठे असल्यास दोघांनी मिळून उचलावे. शक्यतो भौतिकोपचारतज्ज्ञाकडून ही रीत प्रत्यक्ष शिकून घ्यावी. तपासणी शिबिरात मुलाच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरते. त्याच वेळी आईला कंबरदुखी आहे काय, हे विचारावयास वेगळा निधी लागत नाही.

घरातील किरकोळ फेरफारही उपयोगी पडतात. अंथरूण जमिनीऐवजी खाटेवर घातले, मोरीत पाठीला टेका असलेली बैठक ठेवली, गावच्या सुताराकडून मध्ये भोक असलेली शौचाची खुर्ची करून घेतली, तर कितीतरी वेळचे वाकणे वाचते. चाकांची खुर्ची मिळूनही दाराच्या पायरीशी अडत असेल, तर ती मुलासह उचलण्याचे काम पुन्हा आईकडेच येते. उतरत्या मार्गासाठी प्रत्येक १ फूट उंचीस १२ फूट लांबी असावी.

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावयाचा आहे. नियमांत बसेल तेथे तो अशा कामांकडे वळविणे हे किरकोळ वस्तूंच्या वाटपापेक्षा हिताचे ठरेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये, अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे, मात्र शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत.

शिक्षकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अशा मुलाच्या गैरहजेरीचे कारण पुष्कळदा पालकांची अनास्था नसून, त्यास शाळेपर्यंत वाहून आणणाऱ्या आईची दुखरी पाठ असते. समग्र शिक्षा योजनेत वाहतूक व मदतनीस भत्त्याची सोय आहे. तीव्र दिव्यांगत्व असल्यास २०१२ च्या दुरुस्तीनुसार घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही निवडता येतो. हे दोन्ही मार्ग पालकांना हजेरीपटावरून नाव कमी होण्यापूर्वीच सांगावयास हवेत.