इंजिनाचे तेल केव्हा बदलावे?

[टॅक्सी, रिक्षा किंवा मोटार ही अनेक घरांची रोजीरोटी असते. गाडीचे आयुष्य तिच्या इंजिनावर आणि इंजिनाचे आयुष्य त्यातील तेलावर अवलंबून असते. हे तेल केव्हा व का बदलावे, याची माहिती या पाठात दिली आहे.]

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कोणाची तरी टॅक्सी, रिक्षा किंवा मोटार असेल. चार चालकांना एकच प्रश्न विचारून पाहा : "चाचा, इंजिनाचे तेल केव्हा बदलायचे?" एक जण म्हणेल, "पाच हजार किलोमीटर झाले की." दुसरा म्हणेल, "दहा हजारांवर." तिसरा म्हणेल, "तेल काळे पडले की." चौथा हसून म्हणेल, "मिस्त्री सांगेल तेव्हा!" माणसे चार आणि उत्तरेही चार. यांतील खरे कोणते? ते ठरवण्यासाठी तेल इंजिनात काय काम करते, ते आधी पाहू या.

तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासा. ते गरम झाले ना? आता हाताला थोडे खोबरेल तेल लावून पुन्हा घासा. हात सहज सरकतात आणि पूर्वीइतके गरम होत नाहीत. इंजिनातही असेच घडते. गाडी वेगात असताना इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते. म्हणजे एका सेकंदात पन्नास फेरे! तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत पिस्टन पन्नास वेळा वर जातो आणि पन्नास वेळा खाली येतो. धातूवर धातू असा घासत राहिला, तर थोड्याच वेळात तो झिजेल, तापेल आणि चिकटून बसेल. तेलाचा पातळ थर दोन भागांच्या मधे राहतो आणि त्यांना एकमेकांना भिडू देत नाही.

तेलाची कामे एवढ्यावर संपत नाहीत. ते इंजिनातील उष्णता वाहून नेते. काजळी आणि धातूचे बारीक कण ते आपल्यात धरून ठेवते. ते गंज लागू देत नाही. इंजिनाच्या खाली एक भांडे असते. मिस्त्री त्याला 'चेंबर' म्हणतात. तेथून पंप तेल वर ढकलतो, फिल्टर त्यातील मळ गाळतो आणि तेल सगळीकडे फिरून पुन्हा खाली येते.

तुम्ही विचाराल, "तेल पेट्रोलसारखे जळून संपत नाही, मग ते बदलायचे कशासाठी?" प्रश्न योग्य आहे. तेलाचे तीन शत्रू आहेत. पहिला शत्रू उष्णता. सतत तापल्यामुळे तेल हळूहळू बिघडते आणि घट्ट होऊ लागते. दुसरा शत्रू मळ. इंधन जळताना काजळी होते, हवेबरोबर धूळ येते आणि हे सारे तेलात मिसळते. तिसरा शत्रू कोणता, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. तो आहे पाणी! एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक पाणी वाफ होऊन धुरांड्यावाटे बाहेर जाते, पण थोडी वाफ खाली तेलापर्यंत पोहोचते. इंजिन चांगले तापले, तर ती उडून जाते. ते तापलेच नाही, तर पाणी तेलात राहते आणि चिकट गाळ तयार होतो.

तेल बनवताना त्यात मळ धरून ठेवणारी आणि गंज रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात. वापराबरोबर तीही संपत जातात. म्हणून जुन्या तेलावर नवे तेल ओतत राहणे पुरेसे नसते. जुने तेल काढून टाकावेच लागते.

आता एक कोडे सोडवा. एका इमारतीखाली दोन गाड्या उभ्या असतात. एक टॅक्सी आहे. ती दिवसभर शहरात फिरते. दुसरी निवृत्त मास्तरांची मोटार आहे. ती रोज फक्त बाजारापर्यंत, म्हणजे दोन किलोमीटर जाते. वर्षभरात ती हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही. मग मास्तरांनी तेल दहा वर्षांनी बदलावे का? नाही! दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरते तापत नाही, पाणी उडून जात नाही आणि तेल उभ्या उभ्या खराब होते. टॅक्सीची गोष्ट वेगळी. सिग्नलवर, वाहतुकीच्या कोंडीत टॅक्सी उभी असते, पण तिचे इंजिन चालूच असते. किलोमीटरचा आकडा तेवढाच राहतो आणि तेल मात्र तापत राहते. म्हणजे नुसते किलोमीटर मोजून भागत नाही.

रंगावरही विसंबू नका. डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते. मुंबईच्या बहुतेक टॅक्सी आज सीएनजीवर चालतात. सीएनजीची काजळी फार कमी होते. त्यामुळे तेल बरेच दिवस उजळ दिसते, पण त्याची ताकद आतून कमी झालेली असू शकते.

अशाच एका टॅक्सीवाल्या चाचांची गोष्ट ऐका. चाचा मेहनती होते, पण तेलाचे काम निघाले की म्हणत, "पुढच्या आठवड्यात बघू." एकदा त्यांनी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल उजळ दिसले. "मग घाई कसली?" असे म्हणून त्यांनी पट्टी परत घातली. इंजिन जुने होते. ते थोडे थोडे तेल खात होते. महिने गेले, पण पट्टी पुन्हा कोणी पाहिली नाही.

मे महिन्यात त्यांना नाशिकचे भाडे मिळाले. कसारा घाटाच्या चढावर समोर तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला लाल दिवा लागला. चाचांना वाटले, घाट चढून गेल्यावर थांबू. दोन किलोमीटरही झाले नाहीत, तोच आतून ठकठक आवाज येऊ लागला आणि गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली नाही.

गॅरेजमध्ये उस्तादांनी इंजिन उघडले. बेअरिंग झिजून गेली होती. चेंबरमध्ये जेमतेम अर्धा लिटर तेल उरले होते. उस्ताद म्हणाले, "भाईसाहेब, दिवा लागला तेव्हाच इंजिन बंद केले असते, तर कदाचित वाचले असते. तो दिवा लागणे म्हणजे तेल वर पोहोचत नाही. तेव्हा एक मिनिटही गाडी चालवायची नसते."

टॅक्सी दीड महिना गॅरेजमध्ये उभी राहिली. रोजची कमाई थांबली, पण कर्जाचा हप्ता थांबला नाही. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे इंजिनाच्या कामात गेले. लहान मोटारीला सुमारे तीन लिटर तेल लागते. तेवढ्या तेलाचा खर्च चाचांनी वाचवला होता. 'तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले,' अशी त्यांची अवस्था झाली.

तर मग तेल केव्हा बदलावे? गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडा. तुमच्या गाडीचा आकडा तीत छापलेला असतो. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींसाठी तो १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असा असतो. मास्तरांच्या मोटारीला वर्षाचा नियम लागू होतो, तो असा. मोटारसायकल आणि रिक्षा यांचे अंतर याहून कमी असते. गाडी सतत गर्दीत, धुळीत किंवा अगदी थोड्या अंतरासाठी चालत असेल, तर तेल आणखी लवकर बदलावे. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा.

एक काम तर तुम्हीही शिकू शकता. घरातील मोठ्या माणसांना बरोबर घ्या. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा आणि पाच-दहा मिनिटे थांबा. पट्टी बाहेर काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. तेल दोन खुणांच्या मधे असले पाहिजे. खालच्या खुणेच्या खाली असेल, तर तेल घाला. वरच्या खुणेच्या वर मात्र भरू नका.

काढलेले जुने तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नका. त्यामुळे पाणी आणि माती दूषित होते. भारतातील २०१६ च्या नियमांनुसार असे तेल घातक कचरा मानले जाते. ते डब्यात साठवून गॅरेजमध्ये द्यावे. कारखान्यात ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते.

मुलांनो, आता त्या चार चालकांकडे परत जा. प्रत्येकाला नम्रपणे विचारा, "चाचा, गाडीची पुस्तिका काय सांगते? आणि पट्टी शेवटची केव्हा पाहिली होती?" कदाचित तुमच्या या प्रश्नामुळे एखाद्या घराची रोजीरोटी वाचेल.

शब्दार्थ
रोजीरोटी – उदरनिर्वाहाचे साधन
काजळी – धुराचा काळा थर
बुधली – तेल ठेवण्याचे लहान भांडे
विसंबणे – भरवसा ठेवणे
जेमतेम – कसेबसे, अगदी थोडे
हप्ता – ठरावीक मुदतीने भरायची रक्कम
धुपाटणे – धूप जाळण्याचे भांडे
तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले (म्हण) – दोन्हीकडून नुकसान होणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिस्त्री 'चेंबर' कशाला म्हणतात?
(आ) तेलाचे तीन शत्रू कोणते?
(इ) लाल दिवा लागल्यावर चालकाने काय करावे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मास्तरांची मोटार कमी चालत असली, तरी तिचे तेल दरवर्षी बदलावे.
(आ) तेलाच्या रंगावर विसंबू नये.

प्र. ३. चाचांचे कोणकोणते नुकसान झाले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
विसंबणे, जेमतेम, नवल वाटणे

उपक्रम : जवळच्या गॅरेजला भेट द्या. तेथे जुन्या तेलाचे काय करतात, ते विचारून वहीत लिहा.