देवासच्या बाजारात: बकरा, कडकनाथ आणि आपली सुरमई

बंदी लागली की आपल्याकडे पाहुणपणाचे दिवस येतात. १ जून ते ३१ जुलै होड्या वर, जाळी छपरात, मग माणसं निघतात लेकी-बहिणींकडे. माझी धाकटी बहीण देवासला दिलेली आहे. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते. तिथल्या बाजारात जे शिकले ते आपल्या घरांनाही उपयोगी आहे आणि नाखवांनाही, म्हणून लिहिते.

देवास मध्य प्रदेशात, इंदूरच्या पुढे पस्तीसेक किलोमीटर. धार इंदूरच्या पश्चिमेला. दोन्ही ठिकाणी पवारांची संस्थानं होती. देवासला तर एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. (इथे पाती म्हणजे वाटणी, आपली होडी नव्हे. मीही आधी होडीच समजले होते!) तेव्हापासूनची मराठी घरं तिथे आहेत. मराठी बोलतात, पण मध्येच "अरे भैया" येतं. आणि आपला मुंबई-आग्रा रस्ता धार जिल्ह्यात खलघाटला नर्मदा ओलांडून इंदूर, देवासवरूनच पुढे जातो. मुंबईकडची मासळी तिकडे जायची तर ती याच रस्त्यानं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई मला मटणाच्या दुकानात घेऊन गेल्या. आपण मासा दहा हातांवरून ओळखतो, पण मटणवाल्यापुढे आपली जीभ उचलत नाही. तो कापेल ते पिशवीत घ्यायचं. विहीणबाईंचं तसं नाही. आधी त्यांनी टांगलेला बकरा मागून पाहिला. शेपटी ठेवलेली आहे ना? बकऱ्याची शेपटी आखूड, मेंढ्याची लांब. शेपटी काढून टाकलेली असेल तर विचारायचं, का काढली. मग नगरपालिकेचा शिक्का. मग बरगड्या. बरगडी बारीक आणि मांस गुलाबीसर लाल, तर जनावर कोवळं. गडद तांबडं मांस, पिवळट चरबी आणि जाड हाड म्हणजे वय झालेलं, ते शिजायला दुपार जाईल. बकऱ्याची चरबी आत, गुर्द्याभोवती जास्त असते, पाठीवर पातळ. चरबी पांढरी आणि घट्ट हवी.

तिथे मागायची भाषा हिंदी. पुढचा पाय म्हणजे दस्त, मागची मांडी म्हणजे रान, छातीकडचं ते सीना, बरगड्या म्हणजे चाप. रश्श्याला त्या दस्त आणि सीना मिसळून घेतात, सुक्याला रान. नुसतं "एक किलो द्या" म्हटलं की दुकानदार त्याच्या सोयीचं देतो, यात त्याचा तरी काय दोष?

एक गोष्ट मात्र आपल्या उलट निघाली. मासा ताठ असला की आपण खूश, कारण ताठ म्हणजे ताजा. मटणाचं तसं नाही. बकरा कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं, मग परत सैल पडतं. ताठर असताना शिजवलं तर चिवट लागतं. म्हणून विहीणबाई सकाळी आणलेलं मटण फ्रिजमध्ये ठेवतात आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी करतात. मी इतकी वर्षं कुकरला दोष देत होते.

नंतर आम्ही धारला पाहुण्यांकडे गेलो, तिथून मांडूला. धार जिल्ह्यात आदिवासी गावांचे आठवड्याचे हाट भरतात, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यातले हाट म्हणजेच भगोरिया. हाटात गावठी कोंबड्या पाय बांधून जिवंत विकायला असतात. कडकनाथ तिकडचाच. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, धार आणि अलीराजपूरकडेही तो पाळतात. त्याच्या नावावर फसवणूक खूप होते, कारण पिसं काळी असलेली कोणतीही कोंबडी कडकनाथ म्हणून खपते. चोच उघडून जीभ बघायची, तुरा आणि पाय बघायचे. सगळीकडे काळपट झाक हवी. कापल्यावर मांस आणि हाडसुद्धा काळसर दिसतं. अंडं मात्र काळं नसतं, फिक्या तपकिरी रंगाचं असतं. कुणी काळी अंडी विकत असेल तर सरळ पुढे चालू लागा. हा कोंबडा अंगाला हळू भरतो, म्हणून महाग आणि मंद आचेवर शिजवायचा.

मांडूच्या रस्त्यावर मोठाली हिरवट फळं विकायला असतात, तिथे त्याला मांडूची इमली म्हणतात. झाड गोरखचिंचेचं, मूळ आफ्रिकेतलं. आतला पांढरा गर आंबट, कोरडा. मी दोन फळं घेतली. देवासला परतल्यावर नदीच्या रोहूच्या कालवणात कोकमाऐवजी तो गर घातला. कोकमाची सर नाही, पण वाईटही नाही. तिथे नदी-तलावातली बंदी १६ जूनला लागते, त्यामुळे रोहू, कटला मिळत होता.

सुरमई मात्र त्या घरात दोन वर्षं आलेली नाही. विचारलं तर बहीण म्हणाली, "ताई, एकदा आणली होती. सगळ्यांना तासाभरात तोंड लाल, अंगाला खाज, डोकं दुखायला लागलं. डॉक्टर ॲलर्जी म्हणाले. सासूबाईंनी समुद्राचा मासाच बंद केला."

सगळ्या घराला एकाच जेवणातून एकदम ॲलर्जी होत नाही. सुरमई, बांगडा, कुपा, तारली हे मासे गरम हवेत पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो एकदा झाला की तळून जात नाही, उकळून जात नाही, नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. मासा वासाला बरा वाटला तरी त्यात तो असू शकतो. देवासच्या दुकानदारानं काही मिसळलंच असेल असं नाही. तो मासा कदाचित होडीवरच उन्हात पडला असेल. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

नाखवांनो, इथे जरा हिशोब बघा. मासा खराब होण्याचा वेग शून्य अंशाला एक धरला, तर ढोबळमानानं १० अंशाला तो चौपट होतो, २० ला नऊपट, ३० ला सोळापट. म्हणजे सुरमई तीन तास उघड्या डेकवर पडली की बर्फातले अठ्ठेचाळीस तास, दोन अख्खे दिवस, तिथेच संपले. मग ती बंदरात येणार, लिलाव होणार, गाडीत भरणार, साडेपाचशे-सहाशे किलोमीटर जाणार. पुढच्या माणसानं कितीही बर्फ टाकला तरी ते दोन दिवस परत येत नाहीत. आपल्या हवेत किलोला किलो बर्फ धरा. तोही फोडून, थराथरानं, खाली-वर आणि मध्ये. लादीचे दोन तुकडे वर ठेवून खण थंड होत नाही. वितळलेलं पाणी बाहेर जायला वाट ठेवा, मासे त्या पाण्यात तरंगता कामा नयेत. डिझेल महाग, बर्फ महाग, हे मलाही कळतं, आमच्या घरीही हाच वाद असतो.

फॉर्मेलिनची भीती तिकडे फार. खाण्यात ते घालायला परवानगीच नाही. आपल्याच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं, कोचीच्या, २०१८ मध्ये कागदी पट्टीची साधी चाचणी काढली. मासा औषधाचा आहे का हे नुसत्या नाकानं सांगू नये, माशी बसते का यावरूनही सांगू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी विहीणबाईंना आपली परीक्षा शिकवली, त्यांनी मला बकरा शिकवला तशी. कल्ला उघडायला सांगायचा, आत लाल हवा, तपकिरी आणि चिकट नको. डोळा फुगीर, स्वच्छ. पोटाला बोट दाबलं की खड्डा लगेच भरला पाहिजे. तुकडे केलेला मासा घेऊच नका, अख्खा निवडून समोर कापून घ्या. गोठवलेला असेल तर असू दे, पण "कधी सोडवला" हे विचारा. आणि टोपलीत बर्फ किती आहे ते आधी बघा, माशाकडे नंतर.

परवा फोन आला. विहीणबाई इंदूरच्या मासळी बाजारात गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "माताजी, यहाँ कोई कल्ला नहीं खुलवाता." त्यांनी दोन मासे उघडायला लावले, दोन्ही परत ठेवले आणि रोहू घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "अहो ताई, आता तुमच्या होड्या सुटल्या की परत जाईन."