डिग्री कॉफी, राहुकाळ आणि सोनोग्राफी

सातारा

चि. सौ. सोनूस,


शुक्रवारी तुमच्या घरून दोघी सोनोग्राफीला निघणार, तुझा पाचव्या महिन्याचा स्कॅन आणि सासूबाईंच्या पोटदुखीचा, हे काल फोनवर कळलं. तिरुनागेश्वरम्‌हून कुंभकोणम्‌ला एकच खेप होते, हे जावईबापूंचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्हा दोघींची तयारी अगदी उलटी आहे, आणि एकीला सांगितलेलं दुसरीला लागू करायची आपल्या घरांना खोड. शिवाय फोनवर तू निम्मंच ऐकतेस, म्हणून लिहिते.

आधी सासूबाईंचं. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणजे पित्ताशय बघणार. ते उपाशीपोटी पित्ताने भरलेलं असतं, तेव्हाच नीट दिसतं. रात्री हलकं जेवून पुढे सहा ते आठ तास काही खायचं नाही, पाणी चालेल. खरी अडचण आहे ती सकाळच्या डिग्री कॉफीची. ‘घोटभरच घेतली’ म्हणतील, पण त्या घोटात साईचं दूध असतं. दुधातली स्निग्धता पोटात गेली की पित्ताशय आकसतं, त्याची भिंत उगीच जाड दिसते आणि बारीक खडा असला तर दडून बसतो. त्या दिवशी टंबलर-डबरा लपवून ठेव. साखरेची गोळी त्या घेतात, ती उपाशीपोटी घ्यायची की नंतर, हे त्यांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचार. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर बहुधा चालते, तेही त्याच फोनवर विचारून घे.

तू मात्र पोटभर खाऊन जा. कौतुकाने सासूबाईंसोबत उपास धरशील, तसलं काही नको. पोटाच्या खालच्या भागाच्या तपासणीला लघवी तुंबवून बसायला सांगतात, कारण भरलेली पिशवी आतडी बाजूला सारते आणि मागचं स्पष्ट दिसतं. पाचव्या महिन्यात बाळाभोवती पाणी असतं, तेव्हा बहुतेक ठिकाणी एवढा छळ लागत नाही. सेंटरला फोन करून विचार आणि ते म्हणतील तसं कर.

आता राहुकाळ. शुक्रवारी साडेदहा ते बारा, आणि तुम्हाला वेळ अकराची. नागनाथस्वामींच्या देवळाच्या सावलीत राहणाऱ्या घराला ‘असलं मानू नका’ असं साताऱ्यातून मी सांगणं शोभत नाही. आठची वेळ मागून घ्या, उपाशी सासूबाईंनाही तीच सोयीची. तिथल्या राहूला दूध वाहा, ते निळं झालेलं बघा, मला हरकत नाही. पण ‘अभिषेक झाल्यावर महिन्याभराने जाऊ’ हे मात्र ऐकू नकोस. बाळाचे अवयव तपासायचा हा स्कॅन अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या आसपास करायचा असतो. काही निघालंच तर पुढच्या तपासण्यांना, हृदयाच्या डॉक्टरांना गाठायला, बाळंतपण कुठे करायचं ते ठरवायला हातात वेळ राहतो.

आत गेल्यावर गार जेल लावतील. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनिलहरी आत जातच नाहीत, म्हणून ते. सासूबाईंना ‘मूच्चै इळुत्तु पिडिंग’ म्हणतील, तेव्हा खरोखर छाती भरून श्वास धरायचा. त्याने यकृत आणि पित्ताशय बरगडीखालून खाली सरकतं. मग कुशीवर वळवतील. पित्ताशयातला खडा पडद्यावर पांढरा दिसतो, मागे काळी सावली पडते, आणि कूस बदलली की तो बहुधा घरंगळतो. चिकटून बसलेला मांसाचा कोंब जागचा हलत नाही. म्हणून आळस न करता वळा म्हणावं.

बाळ पालथं असेल तर तुला फिरून यायला सांगतील. घाबरायचं नाही. डॉक्टर मध्येच गप्प झाले तरी घाबरायचं नाही, मापं घेताना मीही बोलत नसे. यात क्ष-किरण नसतात आणि इतक्या वर्षांच्या वापरात अपाय सिद्ध झालेला नाही. तरी लहरींनी पेशी किंचित तापतात, त्यामुळे केवळ बाळाचा गोड फोटो मिळावा म्हणून पुन्हा पुन्हा स्कॅन करणं मला पसंत नाही.

एक फॉर्म भरून घेतील, त्यावर तुझी सही लागेल: गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशी. महाराष्ट्राने 1988 साली या बाबतीत देशात पहिला कायदा केला, केंद्राचा 1994चा. मुलगा का मुलगी हे सांगणं गुन्हा आहे आणि विचारणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा आहे. आत्तेसासूबाई खुणेने विचारणाऱ्यांतल्या आहेत, असं तूच म्हणालीस. त्यांना घरीच राहू दे.

जुने रिपोर्ट सोबत ने, विशेषतः तुझा तिसऱ्या महिन्यातला, कारण तारीख त्यावरूनच धरतात. पुढच्या स्कॅनमध्ये तारीख पाच दिवस मागेपुढे छापून आली तर प्रसूतीचा दिवस बदलला असं समजू नकोस. कागद जपण्याचं मला तंजावरकरांना काय सांगायचं? सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या, त्या सरस्वती महाल ग्रंथालयात अजून आहेत. आमच्याकडे पेशंट मागचा रिपोर्ट कपाटात ठेवून येतात आणि ‘गाठ वाढली का?’ विचारतात. कशाच्या मानाने सांगायचं?

आणि रिपोर्टवर जितका विश्वास ठेवायचा तितकाच ठेव. ‘नॉर्मल’ म्हणजे त्या दिवशी, त्या डॉक्टरांना, त्या मशीनवर दोष दिसला नाही. हृदयातलं बारीक छिद्र सुटू शकतं. उलट ‘वार खाली आहे’ असं लिहून आलं तर रडत बसू नकोस, गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार पुढे वर सरकते. सासूबाईंच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ येण्याची शक्यता दाट आहे. तो त्यांच्या पोटदुखीचा खुलासा असेलच असं नाही, तेव्हा तेवढ्यावर समाधान मानून परतू नका. मूळ दुखण्याबद्दल विचारा.

रिपोर्टचा फोटो मला पाठवशीलच. मी बघेन, पण त्यावरून काही सांगणार नाही. छापलेल्या चार चित्रांवरून निदान करणारी मी नव्हे, आणि व्हॉट्सॲपवर कुणी करत असेल तर त्याचंही ऐकू नकोस. ज्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला त्यांच्याकडे रिपोर्ट घेऊन त्याच आठवड्यात जा.

तुझी,
मावशी