आत बॅटरी नसते

नागपूरच्या जरीपटक्यातल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कधीकधी असे आईबाप येतात, ज्यांचा फोन चांगला असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘त्याच्या पोरीला ऐकण्यासाठी कॉक्लियर इम्प्लांट बसवलंय, त्याला विचारा.’ पहिला प्रश्न ठरलेला: बारा इलेक्ट्रोडवालं घ्यायचं, सोळावालं की बावीसवालं? मी म्हणतो, ते सर्जन आणि ऑडिओलॉजिस्ट बघतील. तुम्ही बाहेरच्या भागाची चौकशी करा. पोराचं ऐकणं रोज अडतं ते तिथे.

कारण आतल्या भागाला बॅटरीच नसते. कानामागे कातडीखाली एक चपटी डबी असते, बहुतेक टायटॅनियमची. तिच्यात चिप. डबीला लागून सिलिकॉनमध्ये कॉइल, कॉइलच्या मधोमध चुंबक. धातूची डबी लहरी अडवते, म्हणून कॉइल डबीबाहेर ठेवावी लागते. वीज येते ती केसांवर चिकटलेल्या दुसऱ्या कॉइलमधून, कातडीच्या आरपार, रेडिओ लहरींवर. कुठल्या कंपनीचं 5 मेगाहर्ट्झवर, कुठलीचं 12वर, कुठलीचं 49वर. आवाजाची माहितीही त्याच लहरींवर बसून जाते. बाहेरची कॉइल सरकली की वीज गेली, वीज गेली की पोरगी पूर्ण बहिरी. आत साठा काही नाही.

मग आतच बॅटरी का नाही घालत, हे माझ्या दुकानात सगळेच विचारतात. त्यांना मी पेसमेकरची गोष्ट सांगतो. 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या माणसाला जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर लावला. त्याची बॅटरी बाहेरून, कॉइलनेच चार्ज व्हायची. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन पुढे 2001पर्यंत जगले, पण आयुष्यभरात त्यांना वीसहून जास्त पेसमेकर बदलावे लागले. मोठ्या माणसाचं ते चालून जातं. दोन वर्षांच्या लेकराच्या डोक्यात संपणारी वस्तू ठेवली, तर दर काही वर्षांनी कातडी उघडा. शिवाय तापण्याचा प्रश्न. शरीरात बसवलेल्या यंत्राचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा दोन अंशांहून जास्त तापू नये, असा मानकांचा दंडक आहे. माझ्या दुकानातला कुठलाच फोन या परीक्षेत पास होणार नाही.

तापण्याहून अवघड आहे ते पाणी. पावसाळ्यात भिजलेला फोन उघडला की चार्जिंगच्या पिनांवर हिरवा थर दिसतो. ओल आणि एकाच दिशेने वाहणारा करंट एकत्र आले की धातू खाल्ला जातो. शरीर म्हणजे कोमट खारं पाणी, आणि यंत्राला त्यात अनेक दशकं काढायची असतात. त्यामुळे डबीतून बाहेर पडणारी प्रत्येक तार सिरॅमिकमधून, हवाबंद काढतात. इलेक्ट्रोडमधून जाणारा विजेचा प्रत्येक ठोका जेवढा एका दिशेने, तेवढाच उलट दिशेने सोडतात. नाहीतर इलेक्ट्रोड झिजेल आणि कानाची नसही मरेल. हल्ली कॉलेजची पोरं हौसेने विचारतात, ‘दादा, बोटात चुंबक, हातात चिप बसवता येते का?’ काचेच्या कॅप्सूलमधल्या चिपलाही बॅटरी नसते, समोरच्या रीडरच्या जोरावर ती जागी होते, तेवढ्यापुरतं ठीक. पण चुंबकाचं वरचं आवरण फाटलं की आतलं निओडिमियम गंजतं आणि बोट सुजतं. मी त्यांना स्टिकरवाला टॅग विकतो.

चुंबकाची खरी गंमत घरात. उन्हाळा लागला की कूलर लागतो. पोरगी कूलरसमोर तोंड नेऊन ‘आऽऽ’ करायला गेली, की कॉइल डोक्यावरून सुटून टक्कन कूलरच्या पत्र्याला चिकटते. पोरगी ओरडत राहते, स्वतःचा आवाज मात्र तिला येत नाही. आजी स्वयंपाकघरातून, ‘काहून एवढी बोंबलून राहिली वो ही?’ शाळेच्या बाकाची लोखंडी पट्टी, बसचा दांडा, गोदरेजचं कपाट, सगळीकडे हेच. मग लोक म्हणतात, जोरदार चुंबक लावून द्या. तिथे थांबा. चुंबक कमी-जास्त ताकदीचे मिळतात, पण जास्त ताकदीचा चुंबक दोन्हीकडून कातडी दाबून धरतो. तिथलं रक्त कमी होतं, आधी लाली येते, मग जखम, आणि जखमेखाली लाखोंचं यंत्र. रोज रात्री केस बाजूला करून बघा. लाल चट्टा सकाळपर्यंत गेला नाही तर ऑडिओलॉजिस्टकडून चुंबक हलका करून घ्या. कॉइल पडू नये म्हणून क्लिप किंवा हेडबँड पुरे.

बाहेरच्या मशीनच्या सेलचंही तसंच. 675 नंबरचे झिंक-एअर सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. पट्टी काढल्यावर काही मिनिटं उघडे ठेवून मग बसवावेत; पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. घेताना इम्प्लांटसाठीचे मागा. साध्या श्रवणयंत्राचा सेल दिसतो तसाच, पण कातडीपार वीज ढकलायला लागणारा करंट त्याला झेपेलच असं नाही. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या पंचेचाळीस अंशांत हे सेल सुकतातही लवकर. रिचार्जेबल बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. घामाने ओलं झालेलं मशीन रात्री सेल काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, एवढं एक काम आमच्याकडे कुणीही विसरत नाही.

एमआरआयबद्दल मात्र आवाज चढवून सांगतो. पोरगी झोक्यावरून पडली तेव्हा एका सेंटरवर तंत्रज्ञाने बाहेरचं मशीन काढायला लावलं आणि म्हणाला, ‘झालं, आता धातू नाही.’ बायकोने त्याचं बोट धरून कानामागच्या उंचवट्यावर ठेवलं. आतला चुंबक 1.5 टेस्लाच्या मशीनमध्येही जागेवरून सरकू शकतो. काही मॉडेलना घट्ट पट्टी बांधून चालतं, काहींचा चुंबक आधी छोट्या शस्त्रक्रियेने काढावा लागतो, काही नव्यांत तो आतल्या आत फिरतो आणि 3 टेस्लाही चालतं. कुठलं काय, ते फक्त इम्प्लांटच्या कार्डावरच्या मॉडेलवरून कळतं. त्या दिवशी डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर भागवलं. कार्डाचा फोटो आजीच्या, मामाच्या, शाळेच्या बाईंच्या फोनमध्ये ठेवा. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञालाही दाखवा, कारण शस्त्रक्रियेतल्या विजेच्या चाकूचा करंटही इम्प्लांटमधून जाऊ शकतो.

केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्यासाठीची मध्यवर्ती संस्था आहे. योजनेतून घ्या की पदरचे घाला, सही करण्याआधी विचारा: बाहेरच्या प्रोसेसरची वॉरंटी किती वर्षं, नंतर नवा केवढ्याला, दुरुस्तीला गेला तर तोवर बदली मशीन देणार का, आणि सर्व्हिस नागपुरात आहे की मुंबईला पाठवावं लागतं. हे तोंडी नको, कागदावर घ्या.

आणि कॉइलची एक जादा तार पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. रोजच्या वाकण्याने तीच आधी तुटते, नेमकी कनेक्टरच्या मुळाशी. तुटलेली तार घेऊन लोक माझ्याकडे येतात, ‘दोन टाके मारून द्या ना, तुम्हाला काय अवघड.’ मी मारत नाही. एवढ्या उंच फ्रिक्वेन्सीला टाक्याने सूर बिघडतो, तार चालू दिसते पण आत वीज कमी पोहोचते, आणि लेकरू सांगू शकत नाही की आज बारीक ऐकू येतंय.