टायरमधील हवेचा पहारेकरी

मोटारीचा व तीत बसलेल्या माणसांचा बहुतेक भार टायरमध्ये कोंडलेली हवा पेलत असते. ही हवा गुपचूप कमी होत जाते. पंक्चर नसलेल्या, धडधाकट टायरमधूनही महिन्याला सुमारे एक पौंड दाब उतरतो. (येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील पौंड होय.) आजच्या रेडियल टायरची बाजू पुरेशी हवा असतानाही किंचित फुगलेली दिसते. त्यामुळे केवळ नजरेने किंवा लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची जुनी सवय आता भरवशाची राहिलेली नाही. हे काम करण्यासाठी अनेक मोटारींत जी यंत्रणा बसविलेली असते, तिला टायरदाब-दर्शक यंत्रणा म्हणतात.

कमी हवेचा धोका

हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो आणि पुन्हा सरळ होतो. लोखंडी तार वारंवार वाकविली असता जशी तापते, तसाच हा टायरही तापतो. वेग, ओझे आणि उन्हाळ्यातील तापलेला रस्ता यांची त्यात भर पडली की आतील थर सुटू लागतात व अखेरीस टायर फाटतो. याखेरीज टायरच्या कडा लवकर झिजतात, इंधन जास्त लागते आणि वळणावर मोटारीचा तोल बिघडतो.

या धोक्याची जाणीव अमेरिकेला मोठी किंमत मोजून झाली. टायरचे थर सुटून मोटारी उलटण्याच्या अनेक अपघातांनंतर ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्याच वर्षी तेथे टायर-सुरक्षेचा नवा कायदा झाला. त्या कायद्याच्या आधारे सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत दाबदर्शक यंत्रणा सक्तीची करण्यात आली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ही सक्ती लागू झाली. मात्र यंत्रणेची कल्पना त्याहून जुनी असून १९८६ सालच्या पोर्शे ९५९ या मोटारीत ती वापरण्यात आली होती.

दोन पद्धती

पहिली पद्धत प्रत्यक्ष मापनाची होय. प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक लहानशी डबी बसविलेली असते. तिच्यातील सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा हवेच्या दाबाने वाकतो व त्या प्रमाणात विजेचा संकेत बदलतो. हा दाब व आतील तापमान बिनतारी संदेशाने मोटारीतील नियंत्रकाकडे पाठविले जाते. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या मोटारीच्या संदेशाशी गोंधळ होत नाही. डबीतील बॅटरी साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकते. ती बहुधा आत कायमची बंद केलेली असल्याने संपल्यावर संपूर्ण डबीच बदलावी लागते.

दुसरी पद्धत अप्रत्यक्ष होय. तीत हवेचा दाब मोजलाच जात नाही. ब्रेक लावताना चाके अडकू नयेत म्हणून असलेल्या एबीएस व्यवस्थेत प्रत्येक चाकाचे फेरे मोजले जातात. त्याच मोजणीचा येथे उपयोग होतो. हवा कमी झालेला टायर जास्त दबतो, त्यामुळे एका फेऱ्यात तो थोडे कमी अंतर कापतो व इतर चाकांच्या मानाने त्याचे फेरे वाढतात. नियंत्रक हा फरक ओळखून दिवा लावतो. ही पद्धत स्वस्त आहे, पण तिला मर्यादा आहेत. चारही टायरांतील हवा सारखीच उतरली, तर केवळ फेऱ्यांच्या तुलनेवर चालणाऱ्या यंत्रणेस काहीच कळत नाही. तसेच हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर मोटारीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे यंत्रणेची नव्याने नोंद करावी लागते. कमी हवेवरच अशी नोंद केल्यास यंत्रणा तीच हवा योग्य समजून बसते.

हे तत्त्व शाळेत सहज दाखविता येते. सायकलच्या टायरवर व त्याखाली जमिनीवर खडूने खूण करावी. एका विद्यार्थ्यास सायकलवर बसवून चाकाचे बरोबर दहा फेरे होईपर्यंत ती सरळ चालवावी व अंतर मोजावे. नंतर त्याच चाकातील थोडी हवा सोडून त्याच विद्यार्थ्यासह प्रयोग पुन्हा करावा. अंतर कमी भरल्याचे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

दिवा काय सांगतो

अमेरिकी नियमानुसार शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी यंत्रणेस वीस मिनिटांपर्यंत मुभा आहे. म्हणजे ३२ पौंडांच्या टायरमध्ये २४ पौंड उरेपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. खिळ्याने किंवा दगडाने टायर एकाएकी फाटला, तर पूर्वसूचना मिळणारच नाही. दिवा लागलेला नाही याचा अर्थ हवा योग्य आहे, असा मुळीच होत नाही.

सुरुवातीस दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुधा यंत्रणेतच बिघाड आहे असे समजावे. थंडीच्या पहाटे दिवा लागतो व मोटार काही मैल चालल्यावर विझतो, असेही घडते. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे दीड पौंडाने घटतो आणि टायर तापताच पुन्हा वाढतो. बेळगावहून डिसेंबरच्या पहाटे निघून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या चालकाने विझलेला दिवा पाहून निश्चिंत होऊ नये. हवा मुळातच कमी होती, हाच त्याचा अर्थ.

चालकांनी व कारागिरांनी घ्यावयाची दक्षता

महिन्यातून एकदा व दूरच्या प्रवासापूर्वी मापकाने हवा तपासावी. मोटार किमान तीन तास उभी असावी. योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तापलेल्या टायरमधील हवा वाढलेली दिसली म्हणून ती सोडू नये. दिवा लागताच वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे व चारही टायर तपासावेत.

टायर उतरविताना कारागिराने व्हॉल्व्हजवळ पहार घालू नये, कारण आतील डबी फुटते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसविल्यास ती गंजून अडकते. म्हणून निकेलचा मुलामा दिलेली पिन वापरावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दुरुस्ती-संच व ही यंत्रणा असल्यास स्टेपनी ठेवण्याची सक्ती नाही. अशा मोटारीच्या चालकास तर दिव्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. पहारेकरी हाक मारतो, पण दार उघडून पाहणे घरमालकाकडेच असते. दहा मिनिटांची मासिक तपासणी हे काम पुरे करते.