पट्टा बदलण्याआधी पुली बघ

बाय, सकाळी गाडी चालू करताना बॉनेटखालून चिरका आवाज आला की लोक दोन गोष्टी करतात. एक तर रेडिओ मोठा करतात, नाही तर पट्ट्यावर साबणाची वडी घासतात. दोन्ही सारखंच. साबणाने आवाज चार दिवस बसतो आणि पट्टा आणखी घसरायला लागतो. राळ, मेण, बाटलीतला फवारा, कुणी काहीही सुचवो, पट्ट्याला मलम लावायचं नाही.

तुझ्या मारुती ८०० मध्ये हा पट्टा आल्टरनेटर फिरवतो आणि पाण्याचा पंपही, ज्याला गॅरेजवाले वॉटर बॉडी म्हणतात. म्हणजे तो तुटला की बॅटरी चार्ज व्हायची थांबते आणि इंजिनातलं पाणी फिरायचंही थांबतं. मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ टेंपरेचरचा काटा चढू लागला, तर पट्टा गेला असं समज. मग ‘पांजरापोळच्या नाक्यापर्यंत तरी काढू’ असा हिशेब करायचा नाही. गाडी कडेला घे, इंजिन बंद कर. तापून इंजिनाचं हेड वाकलं तर जो खर्च येतो, त्यात असे पट्टे जन्मभर पुरतील.

आवाजाचं कारण शोधायची एक सोपी युक्ती आहे. इंजिन चालू ठेव, ओढणी-केस आवरून लांब उभी राहा आणि फवाऱ्याच्या बाटलीतून पट्ट्याच्या आतल्या अंगावर थोडं पाणी मार. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे, घसरतोय. आवाज क्षणभर गेला आणि पुन्हा आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. कुठली तरी वाकली आहे नाही तर तिचं बेअरिंग खाल्लंय. अशा वेळी नवा पट्टा टाकणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. तोही महिनाभरात ओरडेल.

मुंबईच्या आपल्या या कोपऱ्यात पुल्यांकडे जास्तच लक्ष द्यायला लागतं. खाडीची खारी हवा, त्यात १९५४-५५ पासून शेजारी असलेल्या रिफायनऱ्या. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचं लोखंड इथे लवकर खरबरीत होतं. पुलीच्या खाचेला गंज चढला की ती कानशीसारखी पट्टा घासते. बॉनेटखाली पट्ट्याच्या बाजूने काळी भुकटी उडालेली दिसली, तर ती त्याचीच. आणि मुंबईत नवी ८०० विकणं २०१० सालीच बंद झालं, भारत स्टेज चारचे नियम आले तेव्हा. म्हणजे इथे विकलेली सगळ्यात तरुण ८००सुद्धा आता पंधरा वर्षांपुढची आहे. तिचे नट-बोल्ट पहिल्या झटक्यात सुटतील ही आशाच सोड. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेव, पण पट्ट्यावर एक थेंब जाऊ देऊ नको.

आता मुख्य काम. इंजिन गार पाहिजे, म्हणून सकाळीच. हँडब्रेक ओढ, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेव. मग दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडव. आम्ही ठेकेदाराकडे फिटरकी करायचो तेव्हा हीच शिस्त होती : आधी लाइन तोडायची, मगच पाना लावायचा. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरतो; बोट आत असताना तो फिरला तर विचारायला नको. हातातलं कडं, बांगड्या, अंगठी काढून ठेव. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला आणि बॉडीला एकदम टेकली की अंगठी लाल होते.

सोडवण्याआधी पट्टा कुठून कुठे गेलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढ. एसी असेल तर त्याचा पट्टा पुढे असतो, तो आधी उतरवावा लागतो. आल्टरनेटरला वर लांब खाचेची पट्टी असते, तिच्यातला बोल्ट ढिला कर. खालचा, ज्यावर तो झुलतो, तोही ढिला कर. बहुतेक बाराचा पाना लागतो, काही ठिकाणी चौदाचा. खालचा बोल्ट दिसत नाही, हाताने चाचपूनच सापडतो. गाडीखाली जावं लागलं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जायचं नाही आणि विटांवर तर मुळीच नाही. घोडी लाव, नाही तर ते काम गॅरेजवाल्याला दे.

आल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा सैल होऊन हातात येतो. तो लगेच टाकून देऊ नको. उलटा करून वाकव आणि उजेडात धर. आतून आडव्या चिरा, कडेला निघालेले धागे, आरशासारख्या चकचकीत झालेल्या बाजू आहेत का, तपास. मग पुलीची खाच बघ. पट्टा त्रिकोणी असेल तर तो खाचेच्या दोन भिंतींवर धरून चालतो, तळाला टेकत नाही. खाचेचा तळ घासून चमकत असेल, तर पट्टा झिजून आत बसला होता, किंवा मागे कुणी भलत्याच मापाचा टाकला होता.

पट्टा निघालेला असतानाच हाताने पुल्या फिरव. ही संधी पुन्हा मिळत नाही. आल्टरनेटर फिरताना घरघर करतो का? वॉटर बॉडीची पुली धरून मागेपुढे हलव. खुळखुळली किंवा खाली पाण्याचा पांढरट ओघळ दिसला, तर पंपही आत्ताच बदलायचा. खाचांमधला गंज तारेच्या ब्रशने काढ आणि कोरड्या फडक्याने पूस.

नवा पट्टा घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलीस किंवा नाक्यावरच्या दुकानात, जुना पट्टा सोबत ने. काउंटरवर ‘फॅन बेल्ट’ म्हटलं की समजतं, मग ८०० चा पंखा विजेवर का चालत असेना. पट्ट्याच्या पाठीवर नंबर असतो : त्रिकोणी असेल तर रुंदी आणि लांबी, चपटा रेघांचा असेल तर ४पीके ८०० असा काही, म्हणजे चार रेघा आणि ८०० मिलिमीटर लांबी. जुना ताणलेला असतो, म्हणून शेजारी धरून माप घेऊ नको, नंबर वाच.

चढवताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटून पुलीवर बसवायचा मोह होतो. नको. आतले धागे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि पट्टा कधी तरी फ्रीवेच्या मधोमध दगा देतो. आल्टरनेटर पूर्ण आत ढकल, पट्टा आपसूक बसतो. मग लाकडी दांडा घे, आल्टरनेटरच्या पातळ जाळीवर नव्हे, जाड कानाजवळ टेकव, ताण दे आणि तो ताण धरूनच वरचा बोल्ट कस. खालचा नंतर.

ताण किती? दोन पुल्यांच्या मधल्या लांब टप्प्यावर अंगठ्याने चांगला जोर दिला की पाऊण सेंटिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. हल्ली पोरांना वाटतं घट्ट म्हणजे पक्कं. अति घट्ट पट्टा आल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खातो, आणि ते दुखणं पट्ट्याच्या कितीतरी पट महाग पडतं. केबल जोड, पाच-दहा मिनिटं इंजिन चालव, बंद करून पुन्हा अंगठा लाव. नवा पट्टा सुरुवातीला थोडा ताणतोच, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत बघ. मीटर असेल तर चालू इंजिनावर बॅटरी साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवते.

हे सगळं जुन्या, बोल्टने ताण द्यायच्या गाडीचं. भावाच्या नव्या गाडीला हात लावू नको. तिच्यात स्प्रिंगचा टेन्शनर असतो, काहींत ताणून बसवायचा पट्टा असतो, त्याला वेगळं हत्यार लागतं. नव्या रबराचे पट्टे चिराही दाखवत नाहीत, त्यांच्या रेघा नुसत्या झिजतात आणि मधल्या खाचा रुंद होतात. ‘दिसतो तर चांगला’ म्हणून फसायला होतं. आणि टायमिंग बेल्ट हा प्रकारच वेगळा, तो घरी उघडायचा नाही.

पावसात शेल कॉलनीकडच्या पाण्यातून आलीस आणि पट्टा ओरडला, तर घाबरू नको. ओला पट्टा घसरतो, सुकला की गप्प होतो. गप्प झाला नाही तरच बॉनेट उघड. उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी बांधतात, तिचा उपयोग होतो की नाही देव जाणे, पण बांधायचीच तर पट्ट्यापासून लांब बांध. सुतळी सुटून पुलीत गेली की काम वाढतं.

जुना पट्टा धागे निघालेला नसेल तर डिकीत टाक, सोबत बाराचे-चौदाचे पाने आणि तो लाकडी दांडा.